सुई चाळीसवर, गाडी जागेवर

आषाढातली संध्याकाळ होती. दादाचा फोन आला तो केळद खिंडीतून, कारण त्याच्या घरापाशी रेंज नसते. भर पावसात मोटरसायकल काढून माणूस खिंडीपर्यंत येतो आणि फोन करतो म्हणजे प्रकरण साधं नसणार.

"जिप्सी गेली रे."

"गेली म्हणजे?"

"इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, रेस देतोय, पण गाडी जागची हलत नाही. क्लचप्लेट गेली बहुतेक. दीड वर्षापूर्वीच टाकलीय ती!"

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. वेल्ह्याच्या पुढे केळदला त्याची भातखाचरं आहेत आणि लावणीच्या दिवसांत तो तिथेच मुक्कामी असतो. गाडी २००३ची जिप्सी किंग, १.३ लिटर पेट्रोल, कापडी टपाची. घेतल्यापासून तिने बाजार कमी आणि चिखल जास्त पाहिला. खताच्या पोत्यांपासून पंपापर्यंत सगळं तिच्यातूनच जातं. मी काही धंद्याने मेकॅनिक नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कारखान्यात नोकरी करणारा माणूस आहे, पण घरातल्या गाड्यांचं दुखणंखुपणं फिरत फिरत माझ्याकडेच येतं.

फोनवर जेवढं कळलं ते असं. खाचरातून वर येणारी वाट चिखलाची आणि चढाची. मागे सात पोती खत. दादाने फोर-एल टाकला होता, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि लो: वेग कमी, जोर जास्त. वाटेच्या मध्यावर मागून "टक्" असा एकच आवाज आला, आणि त्यानंतर गाडीत जीवच राहिला नाही. इंजिन गुरगुरतंय, गाडी ढिम्म. टू-एच (नेहमीचा वेग, फक्त मागची चाकं) टाकून पाहिलं, फोर-एच (नेहमीचा वेग, चारही चाकं) टाकून पाहिलं, रिव्हर्स टाकून पाहिला, सगळीकडे तेच. शेवटी पहिल्या गिअरमध्ये ठेवून तो उतरला, तर गाडी आपोआप मागे सरकत बांधाला जाऊन टेकली.

हे शेवटचं वाक्य त्याने जाता जाता सांगितलं. मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर चाकांना इंजिनाची अडवणूक व्हायला हवी. चढावर गाडी उभी करून आपण गिअर टाकतो तो त्यासाठीच. इथे चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच सुटला होता. क्लचप्लेट झिजली असती तर आधी चार-आठ दिवस चढावर इंजिन नुसतं पळालं असतं, जळका वास आला असता, आणि उतारावर गाडी थोडी तरी धरून राहिली असती. दादाच्या नाकाला वास आला नव्हता. क्लच मी तिथेच बाजूला ठेवला.

पुढचा तर्क मात्र चुकला, आणि कसा चुकला ते सांगायलाच हवं. या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते त्या चुकीतच आहे.

आधी गाडीची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जिप्सी भारतात आली १९८५च्या डिसेंबरात, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. मोठ्या इंजिनाची किंग १९९६मध्ये आली. पण खालची मांडणी दोघींची तीच, जुन्या वळणाची आणि सरळ. गिअरबॉक्सच्या मागे एक आखूड शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. तो जातो गाडीच्या पोटात वेगळ्या टांगलेल्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत. ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे. म्हणजे एकूण तीन शाफ्ट. टू-एचमध्ये फक्त मागचा जोडलेला असतो. फोर-एच किंवा फोर-एल टाकलं की पुढचाही जोडला जातो, आणि मग पुढचा-मागचा दोन्ही एकाच वेगाने फिरतात, मधे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. टू-एल असा प्रकार या गाडीत नाही. लो पाहिजे तर चारही चाकं घ्यायचीच, अशी लिव्हरची रचना आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर माझा तर्क असा. टू-एचमध्ये गाडी हलत नाही म्हणजे मागची चाकं गेली. फोर-एचमध्येही हलत नाही म्हणजे पुढचीही गेली. दोन वेगळे बिघाड एकाच क्षणी, एकाच "टक्" आवाजात कसे होतील? मग बिघाड जिथे पुढचं-मागचं एकत्र आहे तिथेच असणार: गिअरबॉक्स, तो आखूड शाफ्ट, किंवा ट्रान्सफर केस. "टक्" आवाजावरून मी आखूड शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्यावर, बोट ठेवलं. क्रॉस तुटला की असाच आवाज येतो आणि अशीच सगळी चाकं एकदम सुटतात. पुढची चाकं ताकदीला जोडतात ती त्यांच्या मधल्या हबने, म्हणून फोनवर दादाला एवढंच विचारलं, "पुढचे हब लॉक केले होतेस ना?"

"केलेत की. आणि फोर व्हीलचा दिवाही लागतोय."

झालं. रात्री नऊला एका ओळखीच्या दुकानदाराला शटर वर करायला लावून आखूड शाफ्टचा क्रॉस मिळवला आणि पहाटे निघालो. तो क्रॉस अजून माझ्या कपाटात आहे, खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेला नाही.

केळदला पोचलो तेव्हा पाऊस थोडा विसावला होता. गाडी बांधाला टेकून तिरकी उभी. वहिनी म्हणाल्या, "आधी चहा घ्या, गाडी कुठे पळून जात नाही." गाडीच्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. चहा झाल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पोती उतरवली आणि दादाला सांगितलं की टू-एचमध्ये ठेवून तिसरा गिअर टाक, क्लच हळू सोड आणि थोडी रेस दे. मी बाजूला, बांधाच्या खालच्या अंगाला उभा राहून टॉर्चच्या उजेडात पोटाखाली बघणार होतो. चालू गाडीखाली आत घुसायचं नाही, एवढं भान होतं. तुटलेली वस्तू मधेच पकड घेऊ शकते, किंवा आत बसलेल्याचा हात चुकून दुसऱ्या लिव्हरवर जाऊ शकतो.

मी वाकणार तेवढ्यात दादाच्या शेजारी बसलेला त्याचा मुलगा ओरडला, "काका, गाडी चाळीसने चाललीय!"

पुतण्या दहा वर्षांचा. त्याला गंमत वाटली होती. मी जाऊन बघितलं. गाडी दगडांमध्ये अडकलेली, चारही चाकं स्थिर, आणि स्पीडोमीटरची सुई चाळिसावर थरथरत उभी.

जिप्सीच्या स्पीडोमीटरची केबल येते ट्रान्सफर केसमधून, मागच्या बाजूला बाहेर पडणाऱ्या शाफ्टपाशी असलेल्या गिअरवरून. म्हणजे सुई हलते याचा अर्थ इंजिनाची ताकद क्लचमधून, गिअरबॉक्समधून, आखूड शाफ्टमधून, ट्रान्सफर केसमधून पार मागच्या तोंडापर्यंत सुखरूप पोचते आहे. मी रात्रभर ज्यावर संशय घेतला त्या प्रत्येक वस्तूला त्या सुईने निर्दोष सोडलं. दादाने आदल्या संध्याकाळी ती पाहिलीच असणार, पण बंद पडलेल्या गाडीत वेग किती दाखवतो हे कोण बघतं? मी फोनवर विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

पोटाखाली बघितलं तर मागचा शाफ्ट छान फिरत होता. दोन्ही क्रॉस शाबूत. शाफ्ट मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी कवचात, शिरत होता, पुढे चाकापर्यंत मात्र काही जात नव्हतं. आतून बारीक "कुर्रर" असा आवाज, जात्यात खडा अडकल्यासारखा. म्हणजे क्राऊन-पिनियनचे (शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीचे) दाते उडाले, नाहीतर तिथून चाकापर्यंत जाणारा दांडा, एक्सल तुटला. दाते उडाले असते तर कुठेतरी पकड घेऊन गाडीने धक्के खाल्ले असते, आवाजही राक्षसी आला असता. एक्सलच असणार, असं मला वाटलं.

इथे दादाने अगदी रास्त शंका काढली. "एक्सल दोन आहेत ना? एक तुटला तर दुसऱ्या चाकाने गाडी हलायला नको?"

पुष्कळांना हे खरं वाटत नाही, पण नाही हलत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला पडतो, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे बसवलेलं असतं. या सवलतीची किंमत अशी की ते दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), देतं. कप्पीवरून घेतलेल्या दोराची दोन टोकं दोघांनी धरली आहेत असं समजा. एकाने टोक सोडलं की दुसऱ्याच्या हातात नुसता दोर येतो, ओझं काही उचललं जात नाही. तसंच हे. डाव्या एक्सलचं टोक तुटून मोकळं फिरायला लागलं की त्याला फिरवायला जोर लागत नाही, म्हणून उजव्यालाही जोर मिळत नाही. एक तुटला की दोन्ही गेले. गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागे सरकली तीही याच कारणाने.

मागचं कोडं इथे सुटलं. पण मग पुढची चाकं? ट्रान्सफर केस ठीक आहे. फोर-एच टाकलं की पुढचा शाफ्ट फिरायला हवा, आणि या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडलेले असल्यामुळे मागे एक्सल तुटला तरी पुढच्याला पूर्ण ताकद मिळते. मधे डिफरन्शियल असलेली, कायम चारही चाकांवर चालणारी गाडी असती तर गोष्ट वेगळी. तिथे मागचा एक्सल तुटल्यावर मधलं लॉक लावेपर्यंत पुढची चाकंही लुळी पडतात. जिप्सीत तसं होण्याचं कारण नव्हतं. फोर-एच टाकून पुन्हा बघितलं. पुढचा शाफ्टही फिरत होता! पुढची चाकं मात्र नाही. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा हिरवागार.

तो दिवा लागतो ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे. लिव्हर कुठे आहे एवढंच त्याला कळतं. चाकापर्यंत काही पोचतंय का, याची त्याला गंधवार्ता नसते.

उरले हब. दादाच्या गाडीला हाताने फिरवायचे हब आहेत. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एक डायल, एका बाजूला "फ्री", दुसऱ्या बाजूला "लॉक". फ्री असताना चाक आपलं आपण फिरतं, आतला एक्सल झोपलेला. लॉक केलं की आतली दात्यांची कडी सरकून चाकाला एक्सलशी जोडते. दोन्ही डायल बघितल्या, दोन्ही लॉकवर. दादा खोटं बोलत नव्हता.

तपासायला जॅक एकच होता. तोही पुरला. मोटर बंद, गाडी गिअरमध्ये, ट्रान्सफर फोर-एचवर. आधी उजवं पुढचं चाक उचललं. डायल लॉकवर ठेवून चाक हाताने फिरवलं तर ते फिरलं, पण जड, तेलातून काहीतरी ओढत नेल्यासारखं. डायल फ्रीवर केली आणि पुन्हा फिरवलं, चाक भोवऱ्यासारखं सुटलं. म्हणजे उजवा हब आपलं काम करतोय. आता डावं उचललं. लॉकवर: भोवरा. फ्रीवर: भोवरा. फरक शून्य.

खरं तर उजवं चाक लॉकवर असताना फिरलं तिथेच उत्तर मिळालं होतं. डावं चाक जमिनीवर असताना, डावा हब जोडलेला असता तर उजवं हलायलाच नको होतं. ते फिरलं कारण पलीकडचा एक्सल हबमध्ये मोकळा फिरत होता. पुन्हा तीच कप्पी, तोच दोर. मागे एक्सल तुटून एक टोक सुटलं होतं, पुढे हब न लागल्यामुळे सुटलं होतं. एका गाडीत एकच गोष्ट दोनदा.

डाव्या हबचं झाकण काढलं. बारीक बोल्ट, त्यातला एक गंजून गोल झालेला, छिन्नीने फिरवून काढावा लागला. आत ग्रीस नव्हतं. ग्रीसचा एके काळचा अवशेष होता. गाळाचं पाणी शिरून, वाळून, पुन्हा भिजून त्याचा खडूसारखा करडा थर झालेला. बाहेरची डायल फिरत होती, स्प्रिंग दाबली जात होती, पण कडी त्या थरात रुतून बसलेली, तसूभर सरकत नव्हती. नखाने थर खरवडला तर त्यात भाताच्या तुसाचा एक कण निघाला. तो कोणत्या वर्षीच्या लावणीतला, देव जाणे.

म्हणजे हा बिघाड कालचा नव्हताच. दादाला विचारलं, "चिखलात पुढची चाकं ओढतायत असं शेवटचं कधी वाटलं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी कधी बघितलंच नाही रे. लिव्हर टाकायची, दिवा लागायचा, गाडी निघायची."

दोन बिघाड एका क्षणी होत नाहीत हे माझं म्हणणं बरोबरच होतं. पण ते एका क्षणी झालेच नव्हते. एक काही वर्षांपासून गपचूप पडून होता आणि दुसरा झाला तेव्हाच तो उघड्यावर आला. ज्या गाडीला गरज पडली तरच चार चाकं घ्यायची असतात, तिचा पुढचा अर्धा भाग मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

डिझेलने हब धुतला, कडी पॉलिश पेपरने हलकेच घासली, नवं ग्रीस हात राखून लावलं. ग्रीस जास्त झालं तरी थंडीत कडी अडकते. डायल फिरवली, "खट्" आवाज आला. मग मागचा शाफ्ट काढून टाकला, दोन्ही टोकांचे मिळून आठ नट. आत तुटलेला तुकडा लोळत असताना हाउसिंग इंजिनाच्या जोराने फिरवणं म्हणजे उरलेले दाते मातीत घालणं. काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने खूण केली, म्हणजे परत बसवताना तोच तोंडवळा राहील. शाफ्ट काढल्यावर मागचं तोंड नुसतं मोकळं फिरतं, तेल गळत नाही. फोर-एच टाकून दादाने क्लच सोडला. जिप्सी पुढच्या पायांवर उठली आणि बांधापासून सुटली. पुतण्याने शिट्टी मारली.

गाडी रिकामीच खिंड चढवली. चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, त्यामुळे ओल्या डांबरावर दोनदा चाकं जागच्या जागी फिरली. एका वळणावर मी उतरून बॉनेटवर ओणवा झालो, माझंही वजन कामी यावं म्हणून. दादाला ते फोटो काढण्याइतकं मजेशीर वाटलं. खिंडीच्या पलीकडे उतार लागल्यावर तीस-चाळीसच्या वर जायचं नाही असं ठरवलं, आणि दर आठ-दहा किलोमीटरला थांबून मागची दोन्ही चाकं वरून धरून हलवून बघत होतो. या गाडीच्या मागच्या एक्सलवरच चाक बसलेलं असतं. एक्सल आतल्या टोकाला तुटला असेल तर बाहेरच्या बेअरिंगची पकड चाकाला जागेवर ठेवते. पण ती पकड ढिली झाली तर चाक एक्सलच्या तुकड्यासकट बाहेर चालू लागतं. आपलं चाक आपल्याला ओव्हरटेक करून जातं, असं मेकॅनिक लोक सांगतात ते हेच.

नसरापूरच्या अलीकडे एका गॅरेजात गाडी लावली. तिथल्या मामांनी आम्ही बोलायच्या आधीच निदान करून टाकलं, "ट्रान्सफर गेलाय, खोलावा लागेल." मी सुईची गोष्ट सांगितली. मामा क्षणभर थांबले, मग पोराला म्हणाले, "मागची चाकं काढ रे." माणूस हट्टी नव्हता, हे आमचं नशीब.

डाव्या बाजूला ड्रम काढून बॅकप्लेटमागचे नट सोडले, ओढायचा हातोडा लावला आणि तीन ठोक्यांत एक्सल बाहेर आला. बोटभर आखूड. आतलं टोक गायब.

तो तुकडा मी बराच वेळ उन्हाकडे धरून बघत बसलो. मामांना माझा हा प्रकार थोडा खुळचटपणाचा वाटला असावा. पण तुटलेलं तोंड बघितल्याशिवाय तुटण्याचं कारण कळत नाही. कडेकडेने, प्रत्येक दात्याच्या मुळापासून आत गेलेल्या काळपट चिरा होत्या, तेलाने आणि काळाने डागाळलेल्या. मध्यभागी रुपयाहून लहान असा खडबडीत, करडा, चकचकीत भाग. काळे भाग जुने, तो चकचकीत भाग कालचा. म्हणजे एक्सल एका झटक्यात तुटला नव्हता. दात्यांच्या मुळाशी चिरा पडून त्या आत आत सरकत होत्या, आणि शेवटी जेवढं लोखंड उरलं त्याने सात पोत्यांपुढे हात टेकले. त्याहून बोलका होता दात्यांचा पीळ. एक्सलवरचे दाते लांबीच्या दिशेने सरळ रेषेत असतात. पट्टी लावून पाहिली तर इथे ते तिरपे गेले होते, ओला पंचा पिळताना त्याच्या रेघा जातात तसे. एवढं लोखंड पिळायला लागणारा जोर जिप्सीला एकाच ठिकाणी मिळतो, लोमध्ये.

हा हिशेब मामांच्या टेबलावर, सिगारेटच्या पाकिटावर केला. या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ १०३ न्यूटन-मीटर. पहिला गिअर, ट्रान्सफर आणि मागचा क्राऊन मिळून हायमध्ये तो वीसेक पट होतो, लोमध्ये तीसेक पट. म्हणजे चाकांपाशी तीन हजार न्यूटन-मीटरच्या घरात. ही गाडी बनवणाऱ्याने लोबरोबर चारही चाकं बांधून टाकली ती उगाच नाही. तो वाढलेला पीळ चार एक्सलांत वाटला जावा, म्हणून. दादाच्या गाडीत डावा हब लागत नसल्यामुळे पुढचे दोघे कामावरच येत नव्हते, आणि किती पावसाळे कोण जाणे, लोमधला सगळा जोर मागच्या दोघांवर पडत होता. टू-एल नसलेल्या गाडीत दादा नकळत टू-एल चालवत होता.

वर टायर मोठे. मूळ २०५/७० आर १५ काढून त्याने २३५/७५ आर १५ घातलेत, चिखलाच्या नक्षीचे. व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणून जमिनीवर तेवढाच जोर लावायला एक्सलला दहा टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. शिवाय ती नक्षी निसटत नाही. साध्या टायरने निसटून एक्सलला वाचवलं असतं. यावर दादाचं मत वेगळं आहे. टायरला नाव ठेवलेलं त्याला चालत नाही.

आणखी एक जुना हिशेब इथे लागला. वर्षभर ही गाडी पुढे-मागे करताना "टक्" वाजत होती. एका गॅरेजात मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलून झाले, आवाज तसाच राहिला, आणि मग सगळ्यांना त्याची सवय झाली. पिळलेल्या दात्यांच्या खेळाचा तो आवाज असावा, असा माझा अंदाज आहे. त्या वेळी कोणी हाउसिंगचा ड्रेन प्लग उघडून तेल बोटांत चोळलं असतं तर चमचमती पूड दिसली असती. आता उघडला तेव्हा ती दिसलीच, तळाशी बारीक कपचीही होती.

आत राहिलेला तुकडा काढणं हेच सगळ्यात वेळखाऊ ठरलं. दुसऱ्या बाजूने गज घालून ढकलावा तर मधे डिफरन्शियलची आडवी पिन येते. चुंबक लावलेली काठी घालून पाहिली, तुकडा पिळामुळे साइड गिअरमध्ये (डिफरन्शियलमधल्या, एक्सलचं टोक बसतं त्या गिअरमध्ये) रुतलेला, हलेना. शेवटी पूर्ण डिफरन्शियल पुढून उतरवलं. एका अर्थी बरंच झालं, कारण क्राऊनचे दाते डोळ्यांनी बघता आले. शाबूत होते. डाव्या साइड गिअरच्या आतल्या दात्यांना मात्र ओरखडे होते, तो बदलला. हाउसिंग डिझेलने दोनदा धुतलं, नवं सील, नवं बेअरिंग, नव्वद नंबरचं तेल.

एक्सल पुण्यातल्या एका जुन्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाला. डाव्या-उजव्याची लांबी सारखी नसते, म्हणून तुटलेले दोन्ही तुकडे जोडून शेजारी ठेवले आणि मोजून घेतला, दातेही मोजले. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या तीन एक्सलांपैकी दोन मी परत केले. त्यांचे दाते पट्टीला सरळ नव्हते.

गाडी जोडून झाल्यावर गॅरेजामागच्या ओल्या उतारावर मी दादाला खाली उतरवून दोन्ही हब त्याच्या हाताने लॉक करायला लावले. फोर-एल, पहिला गिअर, रेस न देता क्लच सोडायचा. जिप्सी चढली ती इतकी सावकाश आणि इतकी निवांत, की दादाने मधेच थांबून मला विचारलं, "ही पहिल्यापासून अशीच चालायला पाहिजे होती का?"

उजवा एक्सलही मामांनी त्याच दिवशी काढून दाखवला होता. त्याने डाव्याइतकीच वर्षं तीच पोती ओढलेली. दात्यांना पट्टी लावली तर थोडा कल आहे, डाव्यासारखा पीळ नाही, पण आहे. चीर डोळ्यांना दिसली नाही. त्या दिवशी पुण्यात उजवा मिळाला नाही, आणि डाव्याचं, साइड गिअरचं, मजुरीचं बिल बघून दादा म्हणाला, "लावणी होऊ दे, मग बघू." लावणी होऊन कापणीही झाली. तो उजवा एक्सल अजून गाडीतच आहे.